दहावी विज्ञान: भिंगाच्या गणितात चिन्ह चुकायचं, ते असं सुटलं

सूत्र तोंडपाठ, तरी उत्तर चुकीचं. वस्तू ३० सेंमीवर, बहिर्वक्र (मध्ये फुगीर) भिंग, नाभीय अंतर (भिंगापासून समांतर किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं) १० सेंमी, तर प्रतिमा किती अंतरावर? माझं उत्तर ७.५, पुस्तकात १५. गाइडमधली उदाहरणं उतरवली, सूत्र पन्नासदा लिहिलं, फरक नाही. पूर्वपरीक्षेचा पेपर हातात आला तेव्हा रडूच आलं.

अमळनेरला घरी आजोबांचं वाचायचं भिंग खिडकीसमोर धरलं, तेव्हा भिंतीवर खिडकीतली केळीची पानं उलटी दिसली. प्रतिमा भिंगाच्या पलीकडे पडते, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं.

मग क्रम ठरवला. आधी कच्ची आकृती, वस्तू डावीकडे. प्रकाशीय मध्य, म्हणजे भिंगाचा मधला बिंदू, हा शून्य. डावीकडचं उणे, उजवीकडचं अधिक. सूत्राला हात लावण्याआधीच यू (वस्तूचं अंतर) = −३०, एफ (नाभीय अंतर) = +१० असं लिहायचं (अंतर्वक्र, म्हणजे मध्ये पातळ भिंग असेल तर एफ उणे). मग, व्ही हे प्रतिमेचं अंतर धरून, १/व्ही = १/एफ + १/यू = १/१० − १/३० = १/१५. इथे थांबायचं नाही, अपूर्णांक उलटा करायचा: व्ही = +१५. माझे निम्मे गुण या उलटा करण्यातच जायचे.

शेवटी विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट: व्ही भागिले यू = −०.५. उणे म्हणजे उलटी, ०.५ म्हणजे निम्मी. आकृतीशी जुळलं नाही तर चिन्हं परत तपासायची.