शिकागोत व्हायोलिन शिकवताना: कृष्णवर्णीयांचा इतिहास मुलांपर्यंत कसा न्यावा

पुण्यात मी व्हायोलिन शिकले ते मांडी घालून, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून. शिकागोत आल्यावर ते खांद्यावर घ्यायला आणि तारा सा-प-सा-प ऐवजी जी-डी-ए-ई अशा लावायला नव्याने शिकले. मग शहराच्या दक्षिण भागात, शाळा सुटल्यावर भरणाऱ्या एका वर्गात काम मिळालं. आठ ते बारा वर्षांची मुलं, बहुतेक कृष्णवर्णीय. सरकारी शाळेत संगीतशिक्षक व्हायचं तर राज्याचा परवाना लागतो. अशा वर्गांना तो बहुधा लागत नाही, पण तुमची पोलीस-तपासणी होतेच. या कामात येऊ पाहणाऱ्यांनी एवढी माहिती आधीच करून घ्यावी.

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी 1926 मध्ये सुरू केलेल्या आठवड्याचा 1976 मध्ये महिना झाला. माझ्या पहिल्या फेब्रुवारीत मी अठराव्या शतकातले फ्रेंच संगीतकार जोसेफ बोलोन, म्हणजे शेवालिए द सां-जॉर्ज, यांची ओळख 'कृष्णवर्णीय मोझार्ट' अशी करून दिली. सगळे असंच म्हणतात म्हणून मीही म्हटलं. फळ्यावर जन्मसाल लिहिलं 1745, मोझार्टचं 1756. एका मुलीने वजाबाकी केली आणि विचारलं, हा अकरा वर्षांनी मोठा, मग याला त्याचं नाव का? ती उपाधी मी त्या दिवसापासून वापरलेली नाही, तुम्हीही वापरू नका. त्यांची आई नानों ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटावरच्या मळ्यावर गुलामीत होती, आणि ते पॅरिसमधले नामवंत व्हायोलिनवादक झाले, वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. संगीतकार हायडनच्या 'पॅरिस सिम्फनी', म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, त्यांच्याच नेतृत्वाखाली पहिल्यांदा वाजल्या. 1776 मध्ये पॅरिस ऑपेराच्या प्रमुखपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा मिश्रवर्णीय माणसाचा हुकूम आम्ही मानणार नाही, असा अर्ज तिथल्या गायिका-नर्तकींनी राणीकडे केला. हे सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. त्या शांततेत लगेच बोलू नये.

शब्दांची काळजी घ्या. इथले जाणते शिक्षक 'गुलाम' म्हणत नाहीत, 'गुलाम केलेली माणसं' म्हणतात. गुलामी कोणीतरी लादली, हे त्या शब्दातच येतं. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांना अर्पण केली होती. शाळेत ती ओळ मी परीक्षेपुरती पाठ केली होती, इथे येऊन ती मला नीट वाचता आली.

आता संगीतकार फ्लोरेन्स प्राइस. आमच्या वर्गाचा जीव इथे आहे, कारण त्या याच शहराच्या. 1887 मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकला जन्म, 1927 मध्ये शिकागोत मुक्काम. 15 जून 1933 रोजी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांची ई मायनर सिम्फनी वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने वाजवण्याची ही पहिलीच वेळ. तिचा तिसरा भाग 'जुबा' नृत्यावर आहे, म्हणजे गुलाम केलेल्या माणसांच्या, अंगावरच ताल धरून नाचायच्या नृत्यावर. 1739 मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलाम केलेल्या माणसांचा उठाव झाला, आणि पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांचे ढोल बंद केले. अशा ठिकाणी ताल मांडीवर, छातीवर, पायाच्या ठेक्यात जगला. मी जुबाचा ताल व्हिडिओ पाहून बसवला होता. मागे बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाई, तू मोजतेस. मोजू नकोस." त्यांनी मांडीवर हात फिरवला, तळहात खाली जाताना एक आवाज, वर येताना दुसरा. त्यांना तो त्यांच्या वडिलांनी शिकवला होता. तीन आठवडे आम्ही वाद्यं पेटीतून काढलीच नाहीत. मग मुलांनी एकाच मोकळ्या तारेवर तो ताल गजाने वाजवला, तेव्हा त्यांचे गज पहिल्यांदा हलके पडले. माझं ठाम मत आहे, आधी अंगात ताल, मग हातात वाद्य, आणि नाव-सन सगळ्यात शेवटी.

पूर्ण सिम्फनी लहान मुलांना झेपत नाही. स्वतः सोपी करून लिहिणार असाल, तर आधी तिचे हक्क कोणाकडे आहेत ते तपासा, लागली तर प्रकाशकाची परवानगी घ्या. सां-जॉर्ज आणि कृष्णवर्णीय इंग्रज संगीतकार सॅम्युअल कोलरिज-टेलर यांच्या रचना आता खुल्या आहेत. अगदी नवख्यांसाठी 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' ही कृष्णवर्णीयांची पारंपरिक भक्तिरचना घ्या. तिचे पाच स्वर भूप रागाचेच, त्यामुळे मला फार जवळची वाटली आणि मी मींड घेत सुटले. तसं करू नका. 1871 पासून फिस्क ज्युबिली सिंगर्स, म्हणजे फिस्क विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा गायकवृंद, अशी गाणी घेऊन जगभर गेला. आधी त्यांची परंपरा ऐका.

कृष्णवर्णीय मुलाला 'तुला कसं वाटतं, तूच सांग' असं सगळ्यांसमोर विचारू नका. गुलामीचं नाटक करून घेऊ नका.

दहा वर्षांपुढच्या मुलांना मी अठराव्या शतकातल्या 'व्हर्जिनिया गॅझेट'सारख्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती दाखवते. पळून गेलेल्या माणसाला शोधायला मालकाने दिलेल्या. उंची, कपडे, अंगावरचे वण, आणि कितीतरी जाहिरातींत 'फिडल (म्हणजे व्हायोलिन) चांगली वाजवतो'. मुलं आधी वणांबद्दल विचारतात, तेही टाळू नये. मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, पळताना त्याने फिडल नेली का? आम्ही जाहिरात परत वाचली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, सोबत घेऊन गेला आहे.