रेसिंगची रहस्यकथा लिहिताय? ब्रेकची नळी कापू नका

मोटर रेसिंगवरच्या माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा मी गोव्यातल्या, फोंड्याच्या एका गॅरेजवाल्या मित्राला वाचायला दिला. तिसऱ्या प्रकरणातच तो हसायला लागला. "खलनायक आदल्या रात्री ब्रेकची नळी कापतो आणि गाडी आदळते पाचव्या लॅपला? मग आधीचे चार लॅप ती काय पाय घासून थांबवली?"

फॉर्म्युला वनमध्ये तर ही नळी कापणं अगदीच फोल. पुढच्या आणि मागच्या ब्रेकची हायड्रॉलिक यंत्रणा वेगवेगळी असते. शर्यतीआधीच्या फॉर्मेशन लॅपमध्ये, म्हणजे तयारीच्या फेरीत, ड्रायव्हर ब्रेक तापवायला ते मुद्दाम जोरात दाबतो, त्यामुळे पेडल मऊ लागलं तर तिथंच कळतं. शिवाय पात्रता फेरीनंतर गाडी 'पार्क फर्मे'च्या, म्हणजे गाडीला हात लावण्यावर बंधन घालणाऱ्या, नियमांत अडकते आणि रात्री सीलबंद असते. उरलीसुरली चुगली सेन्सर करतात.

मग गुन्हा करायचा कुठे? खरे घोटाळे बघा. 2008 साली सिंगापूरला ड्रायव्हर नेल्सन पिके ज्युनियरने संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी भिंतीवर घातली. सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली आणि टायर-इंधनासाठी पिटमध्ये आधीच थांबून आलेला त्याचा सहकारी अलोन्सो जिंकला. गाडीत बिघाड शून्य! संघाने पिकेला काढल्यावर, 2009 मध्ये, हे बाहेर आलं. त्याआधी 2007 साली फेरारीची सुमारे 780 पानांची गुपितं प्रतिस्पर्धी मॅक्लारेनच्या माणसाकडे सापडली, दंड झाला 10 कोटी डॉलर. आणि बिंग कुठं फुटलं? झेरॉक्सच्या दुकानात. असा प्रसंग मी लिहिला असता तर संपादकाने 'पटत नाही' म्हणून कापला असता.

पिटमध्ये पेट्रोलचा भडका दाखवत असाल तर कथा 2010 च्या आधी न्या. त्या वर्षापासून फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीत इंधन भरत नाहीत. धमकी ड्रायव्हर आणि संघाच्या रेडिओवरून देऊ नका, तो सगळे ऐकतात.

आता कथा गोव्यात घडवायची असेल तर. इथं कायमचं सर्किट नाही, म्हणून बरेचजण चेन्नईजवळचा ट्रॅक उचलून समुद्रकिनारी ठेवतात. त्यापेक्षा रस्त्यावरची शर्यत कल्पा. कालपर्यंत ज्यावरून बस, मासळीचे टेंपो गेले तो रस्ता कोण सील करणार? 2023 मध्ये लास वेगासला रस्त्यातलं एक झाकण उचकटून ड्रायव्हर साइन्झची फेरारी फुटली आणि पहिलं सराव सत्र काही मिनिटांतच बंद पडलं. अशी झाकणं शर्यतीआधी वेल्ड करतात. म्हणजे संशयित मेकॅनिकच कशाला, कंत्राटदाराचा वेल्डरही चालेल. आणि साक्षीदार? पहाटे सायकलचा भोंगा वाजवत त्याच रस्त्याने गेलेला पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला.

हे मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "ते ठीक. पण वेल्ड तपासून सही कोणी केली?" सध्या मी त्या सहीवर अडलोय.