खिशातला चाकू घेऊन निघण्याआधी

निघायच्या दोन दिवस आधी चाकू हातात घ्या आणि त्यातलं एकेक अवजार पूर्ण उघडून, पूर्ण मिटून बघा. फक्त मोठं पातं नव्हे. मोठं पातं रोज वापरात असतं, ते सुरळीत उघडतं, आणि त्यावरून बाकीचं सगळं ठीकच असणार असं आपण धरून चालतो. करवत, टोचा, कात्री, पाठीकडचा हूक, सगळं उघडा. मागच्या खेपेला माझं हेच राहिलं. भर पावसात जाड फांदी कापायची वेळ आली आणि करवत जागची हलेना. सांध्यात खिशातलं सूत आणि माती घट्ट बसली होती, ओल्या बोटांना पकड मिळेना, आणि खाचेत घातलेलं नख उलटलं.

म्हणून आधी सांधे धुवा. कोमट पाण्यात चाकू बुडवायचा आणि पाण्याखालीच प्रत्येक अवजार उघड-मीट करत राहायचं. आधी मळकट पाणी निघतं. ते स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. उकळतं पाणी नको, प्लास्टिकची मूठ बिघडते. कोपऱ्यात अडकलेलं सूत लाकडी काडीने काढा. मग वाळवा. फडक्याने पुसला आणि ठेवला खिशात, याला वाळवणं म्हणत नाहीत. सगळी अवजारं अर्धवट उघडी ठेवून रात्रभर तसाच राहू द्या.

आणि मग तेल. पातं स्प्रिंगवर घासतं तिथे, प्रत्येक सांध्यात एकेक थेंब. शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं, पण त्याच पात्याने फळ-भाजी कापणार असाल तर खाण्यासाठी सुरक्षित असलेलं मिनरल ऑइल घ्या. स्वयंपाकाचं तेल अजिबात नको. ते पुढे चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं, म्हणजे घातलं नसतं तर बरं. कात्रीची बारीकशी स्प्रिंग विसरू नका. तेल घातल्यावर पुन्हा सगळं उघड-मीट करा, बाहेर आलेलं तेल पुसून टाका. ‘स्टेनलेस आहे, त्याला काय होतंय’ हे कृपा करून म्हणू नका. घाम आणि समुद्राचं पाणी लागलं की स्टेनलेसवरही गंजाचे ठिपके येतात, आणि ओल टिकून राहते ती नेमकी सांध्यात, नजर पोचत नाही तिथे.

धार घरीच लावून घ्या. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो. दगडावर दोन्ही बाजूंना १५ ते २० अंशांचा कोन धरा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच ठेवा. दातेरी पात्याला आणि करवतीला सपाट दगड लावू नका.

आता बोटांचं. तुमच्या चाकूचं पातं उघडल्यावर लॉक होतं की नाही, हे आत्ताच बघा. नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या (ही मिटलेल्या चाकूची लांबी, पात्याची नव्हे) लाल स्विस चाकूत ते लॉक होत नाही, पाठीची स्प्रिंग त्याला फक्त दाबून धरते. अशा पात्याचं टोक कशात खुपसलं किंवा पाठीवर दाब आला, की ते मिटतं आणि मिटताना मध्ये बोटं असतात. टोच्याचंही तेच, चामड्याला भोक पाडताना तो सरळ दाबू नका, फिरवत आत न्या. स्विस सैन्याने २००८ पासून घेतलेल्या १११ मिलिमीटरच्या चाकूत पातं लॉक होतं. पण लॉकचा चाकू सगळीकडे खिशात बाळगता येत नाही. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतचं, लॉक न होणारं, मिटणारं पातं कारणाशिवाय जवळ ठेवता येतं. लॉक असेल तर तसं सबळ कारण लागतं. जाल तिथला नियम आधी वाचा.

डबा उघडायचा सराव एका डब्यावर करून जा. काही चाकूंत तो पुढे सरकवत कापायचा असतो, काहींत मागे, आणि हे भुकेच्या वेळी शोधत बसायचं काम नाही. छोट्या डबा-उघडणीचं टोक फुलीच्या स्क्रूलाही चालतं, तेही करून बघा.

नवा घेणार असाल तर अवजारं मोजून घेऊ नका. स्विस सैनिकांना १८९१ मध्ये मिळालेल्या चाकूत चारच होती: पातं, टोचा, डबा-उघडणी आणि पेचकस. रायफल खोलता यावी आणि डब्यातलं अन्न खाता यावं, एवढ्यासाठी. १८९७ च्या ऑफिसर चाकूत लहान पातं आणि बूच काढायचा स्क्रू वाढला. अवजारं वाढतील तसा चाकू जाड होतो, आणि तेल घालायचे सांधेही वाढतात.

सांध्यांवरून आठवलं, तेलाची छोटी बाटली सोबत घ्या. पावसात भिजला, वाळूत पडला, तर त्याच संध्याकाळी धुऊन, पुसून, तेल. परतल्यावर नाही, त्याच संध्याकाळी. आणि ओला चाकू मिटून चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नका.

बाकी थोडक्यात. कडीत दोरी ओवा. चिमटा जागेवर आहे का बघा. जखमेची पट्टी घ्या.

विमान असेल तर चाकू चेक-इनच्या सामानात. केबिन बॅगेचे सगळे कप्पे आणि जॅकेटचे खिसे चाचपा. किल्ल्यांच्या जुडग्यातला ५८ मिलिमीटरचा छोटा चाकू हमखास विसरतो. तो आदल्या रात्रीच काढून घरी ठेवा.