बिल्ड अडले तर आधी पहिली चूक शोधा
उबुंटू या लिनक्स वितरणावर सुरळीत होणारे बिल्ड (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचे काम) फेडोरा किंवा अल्पाइन या दुसऱ्या वितरणांवर अडले, तर पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवरून तर्क करत बसू नये. बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ या साधनाला ‘-जे१’ (एका वेळी एकच काम) हा पर्याय देऊन ते पुन्हा चालवावे, म्हणजे समांतर कामांचा मजकूर एकमेकांत न मिसळता पहिली खरी चूक समोर येते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची ‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच’ ही हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची घोषणा असलेली फाइल) सापडत नसेल, तर बहुधा कोड निर्दोष असतो आणि हेडर फायलींचे पॅकेज तेवढे इन्स्टॉल करायचे राहिलेले असते. डेबियन-उबुंटूत त्याचे नाव ‘लिबएसएसएल-डेव्ह’, तर फेडोरात ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’ आहे. अल्पाइनची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे, कारण तिथे उबुंटू-फेडोरातल्या जीलिबसीऐवजी मसल ही सी भाषेची मूळ लायब्ररी असते आणि तिच्यात बॅकट्रेससाठी (फंक्शन कॉलची साखळी दाखवण्यासाठी) लागणारी ‘एक्झेकइन्फो.एच’ ही हेडर फाइल मुळातच नाही. अशा वेळी बॅकट्रेसचा भाग कोडमध्येच सशर्त करावा, म्हणजे ती फाइल असेल तरच तो बिल्डमध्ये येईल.