ड्राफ्टवर वाद घालायचाय? मग आधी एवढं बघून घ्या

एनबीए ड्राफ्टचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या टीमनी आळीपाळीने नवी पोरं निवडायच्या रात्रीचा, पहिला राउंड आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होतो आणि आपण लोकलमध्ये चढेपर्यंत ग्रुपवर निकाल लागलेला असतो, "पिक वाया घालवला" (पिक म्हणजे निवडायची पाळी, आणि त्या पाळीला घेतलेला पोरगा). नागपाड्याच्या कोर्टवर संध्याकाळी परत तेच. माझं म्हणणं एवढंच, की पिक घेतला त्या रात्री टीमला काय माहीत होतं आणि रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, कोण होतं, हे आधी बोला, पोरगा पुढे काय झाला ते नंतर.

डेन्व्हरच्या योकिचचं घ्या, जो पुढे लीगमधला सगळ्यात भारी सेंटर ठरला. 2014 ला 41 नंबरला गेला, म्हणून लोक म्हणतात बाकीच्या टीम आंधळ्या होत्या. अरे पण डेन्व्हरनेच त्या रात्री त्याच्याआधी नुर्किच आणि गॅरी हॅरिस घेतले ना, म्हणजे त्यांनाही खात्री नव्हती. हा मुद्दा मांडला की समोरचा जरा थांबतो.

दुसरं, गरज बघून घ्यायचा की सगळ्यात भारी प्लेयर घ्यायचा. इथे 2003 चं डेट्रॉइट काढाच. दुसरा पिक हातात, घेतला डार्को मिलिचिच, जो पुढे फारसा चालला नाही, आणि पुढे स्टार झालेले कार्मेलो, बॉश, वेड हे तिघं लगेच पुढच्या तीन नंबरला गेले. बचाव करणारे म्हणतील त्याच जागेवर खेळणारा टेशॉन प्रिन्स होता, कार्मेलोची गरज नव्हती, आणि 2004 ला टायटल पण आलं. खरंय, आलं. तरी मला तो पिक चुकलेलाच वाटतो, कारण गरज दोन वर्षांत बदलते आणि एवढ्या वरचा पिक दहा वर्षांसाठी असतो.

पैशाचं गणित सोडू नका, बहुतेक वाद तिथेच लंगडे पडतात. पहिल्या राउंडच्या पोराचा पगार स्केलवर, म्हणजे लीगने आधीच ठरवलेल्या तक्त्यावर ठरतो, दोन वर्षं पक्की, पुढची दोन टीमच्या मर्जीवर, त्यामुळे चांगला निघाला तर चार वर्षं स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) दुसरा स्टार बसतो. जागा रेग्युलर पंधराच, त्यात तीन टू-वे (एनबीए आणि खालची जी लीग, दोन्हीकडे खेळणारे) वेगळे. "अजून एक सेंटर घ्यायला हवा होता" म्हणताना काढायचा कोणाला तेही सांगा.

ट्रेड असेल तर पूर्ण ट्रेड मोजा. 2018 ला डॉनचिच डॅलसला देऊन टाकला म्हणून अटलांटाला शिव्या देताना ट्रे यंगसोबत 2019 चा पहिल्या राउंडचा पिक पण आला होता ते धरा, मग ठरवा पुरेसा होता का (माझ्या मते नव्हता). उलट ओक्लाहोमा बघा, 2019 ला पॉल जॉर्ज देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पिकांचा ढीग घेतला, त्यातल्याच एका पिकवर 2022 ला 12 नंबरला जेलन विल्यम्स, आणि 2025 ला टायटल.

आणि पुढच्या ड्राफ्टला एक करा, आपल्या टीमचा नंबर यायच्या आधी तुम्ही कोणाला घेतलं असतं ते नाव आणि एका ओळीत कारण ग्रुपवर टाका, मेसेज पिन करा, दोन सीझन झाले की तोच उघडून भांडा.