ब्रेक वाजतोय म्हणून डिस्कला तेल लावू नका

पावसाळा लागला की गॅरेजात रोज एक तरी दुचाकी येते, "ब्रेक चीं चीं करतोय, काहीतरी करा." रात्रभर पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, सकाळी तांबूस गंज धरतो. पहिले चार-पाच ब्रेक लागले की चकतीला दाबून धरणारे पॅड तो खरवडून काढतात, आवाज थांबतो. तेवढाही धीर नव्या पोरांना नसतो.

गेल्या पावसात मालगुंडकडच्या एका मुलाने कुणीतरी सांगितलं म्हणून चेनला मारायचा स्प्रे पुढच्या डिस्कवर मारला. आवाज गेला, आणि ब्रेकही गेला. घराखालच्या उतारावर लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी थांबेना. वळणावरच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळला, मनगट मोडलं. मी पॅड काढले तेव्हा ते काळे, चकचकीत झाले होते, बोटाला तेल लागत होतं. तेल प्यालेले पॅड पॉलिशपेपरने घासून सुधारत नाहीत. मी सरळ फेकतो, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसतो, नवा जोड घालतो. "जुनेच घासून घाला" म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

चीं चीं आठवडाभर राहिली तर कॅलिपर, म्हणजे पॅड बसतात तो भाग, उघडून साफ करून घ्या. लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर पॅड संपलेत, गाडी तिथेच उभी करा. पुळणीवर, समुद्राच्या वाळूत गाडी घातली असेल तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा.

आंबा घाट न्यूट्रलवर उतरणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. चमचाभर पेट्रोल वाचवायला इंजिनाची ओढ सोडून द्यायची आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. जुनं ऑइल असं तापलं की उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक वळणाआधी लावा, मध्ये सोडा, डिस्कला वारा लागू दे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, मी मे महिन्यातच बदलतो.

पुढच्या ब्रेकला घाबरू नका, गाडी थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत न्या, झटका देऊ नका. जांभ्याच्या सुट्या मातीवर एबीएसही (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) गाडी लवकर थांबवत नाही. पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून गाडी काढली की ड्रम ब्रेक भिजतो, थोडं अंतर ब्रेक हलका धरून चालवा.

सकाळी अंगणातच दोन्ही ब्रेक दाबून बघा. लिव्हर स्पंजासारखी लागली तर त्या दिवशी एसटीने जा.