वरणात कुस्करलेली भाकर ठसका न लागता कशी द्यावी

गिळायला त्रास होणाऱ्या आजी-आजोबांना आपण वरणात भाकर कुस्करून देतो. पण पातळ वरण आधी घशात उतरतं, ज्वारीचा गोळा तोंडातच राहतो, आणि ठसका लागतो. आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आता असं करतो:

१. ताज्या भाकरीचे कडक पापुद्रे आणि कडा काढून टाका. मऊ भाग गरम तुरीच्या वरणात १५ मिनिटं झाकून ठेवा. वरण बिनफोडणीचं घ्या; मोहरी, कढीपत्ता, मिरचीची सालं घशाला चिकटतात.

२. मिक्सरमधून काढून पुरणाच्या बारीक चाळणीतून गाळा. ही पायरी टाळू नका, मिक्सरनंतरही कण राहतात. घट्ट वाटलं तर पाण्याऐवजी वरणच घाला. पाण्यानं पोट भरतं, अंगी लागत नाही.

३. चमचाभर तेल किंवा तूप घाला. ज्वारी चिकट होते, त्यानं जरा सुटते.

४. चमचा तिरपा करा. घास आकार धरून राहिला आणि हलक्या झटक्यानं एकदम पडला, तर बरोबर. चमच्याला चिकटला तर गरम वरण घालून पुन्हा फेटा. थंड होताना हे घट्ट होतं, म्हणून ताट वाढतानाही पुन्हा बघा.

घास अर्ध्या चमच्याचाच द्या, पाठ सरळ ठेवून, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

जेवताना खोकला आला किंवा आवाज घरघरला तर भरवणं तिथंच थांबवा, डॉक्टरांना दाखवा. किती पातळ, किती घट्ट द्यायचं, हेही त्यांनाच विचारून ठरवा.